मोडता येईल असा संगणक: व्हर्च्युअल मशीन आणि ते आपोआप उभं करण्याची पद्धत

समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी सॉफ्टवेअर लिहायचं आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं. लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) नोंदवायचं, दरपत्रकाप्रमाणं दर लावायचा आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढायची. काही सभासदांची नावं मराठीत, काहींची कन्नडमध्ये. काम करणारे चौघे. एक जण बेळगावात टिळकवाडीत खोली घेऊन राहतो, दुसरा निपाणीत घरूनच काम करतो, तिसरीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे आणि चौथा पुण्यातली नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हातभार लावतो. लॅपटॉप चार तऱ्हेचे. कुणाकडं विंडोज १०, कुणाकडं ११, एकाकडं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि पुणेकराकडं मॅक.

पहिल्याच आठवड्यात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "माझ्याकडं चालतंय की!"

असं म्हणणारे खोटं बोलत नसतात. त्यांच्याकडं खरंच चालत असतं. म्हणून उपायाकडं वळण्याआधी एकाकडं चालतं आणि दुसऱ्याकडं का नाही, ते नीट पाहू. हे कळलं की पुढचा सगळा खटाटोप कशासाठी ते वेगळं सांगावं लागत नाही.

पहिली तक्रार नावांची. एका लॅपटॉपवर सभासदाचं नाव नीट दिसतं, दुसऱ्यावर त्याच जागी प्रश्नचिन्हांची रांग. दोघांकडं डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम मायएसक्यूएलच आहे, पण एकाकडं ५.७ आणि दुसऱ्याकडं ८.०. आपण काही सांगितलं नाही तर ५.७ डेटाबेस लॅटिन-१ या अक्षरसंचात बनवतं. त्यात देवनागरीलाही जागा नाही आणि कन्नडलाही नाही. सेटिंग कडक असेल तर नोंद तिथंच नाकारली जाते. सैल असेल तर नोंद होते, पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात. २०१८ साली आलेल्या ८.० मध्ये हीच डीफॉल्ट निवड यूटीएफ८एमबी४ या सगळ्या लिप्या मावणाऱ्या अक्षरसंचाची झाली, म्हणून तिथं अडचण येत नाही. प्रोग्रॅम तोच, ओळ तीच, पण निकाल वेगळा.

दुसरी तक्रार टेबलच्या नावाची. एकानं क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, 'सभासद' या टेबलचं नाव इंग्रजीत लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं, दुसऱ्यानं स्मॉल. विंडोजवर मायएसक्यूएल अशा नावांत लहान-मोठं मानत नाही, लिनक्सवर मानतं. त्यामुळं विंडोजवर महिनाभर सुरळीत चाललेली क्वेरी सर्व्हरवर चढवल्या चढवल्या "असं टेबलच नाही" म्हणून हात वर करते.

तिसरी जास्त फसवी. संकलनाच्या गडबडीत कुणी फॅटचा रकाना रिकामा सोडला, तर "फॅट शून्य असेल तर बिल अडवा" अशी अट कोडमध्ये आहे. कोड पीएचपी या भाषेत आहे. पीएचपी ७ मध्ये रिकामा मजकूर आणि शून्य यांची सैल तुलना केली की दोन्ही सारखे ठरतात. २०२० च्या पीएचपी ८ मध्ये हा नियम बदलला आणि आता ते सारखे ठरत नाहीत. म्हणजे जुन्या पीएचपीवाल्याकडं बिल अडतं, नव्या पीएचपीवाल्याकडं ते तसंच पुढं सरकतं. उत्पादकाच्या पैशाचा प्रश्न आहे, तेव्हा ही गंमत कुणालाच परवडणारी नाही.

आणि चौथी, माझी आवडती: पहाटे पाचचं दूध कालच्या तारखेला जमा होतं. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. आपल्याकडं पहाटेचे पाच वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. लॅपटॉप भारतीय वेळेवर असल्यामुळं घरी हे कधी दिसतच नाही. संध्याकाळच्या पाळीलाही दिसत नाही, कारण तेव्हा दोन्हीकडची तारीख एकच असते. सकाळचीच पाळी चुकते, आणि हिशेब जुळवणारा सचिव डोकं धरून बसतो.

चारही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते नुसतं आपण लिहिलेल्या कोडचं बनलेलं नसतं. खालची ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेसची आवृत्ती, भाषेची आवृत्ती, घड्याळ, फाँट हे सगळं मिळून ते चालतं. कोड आपण गिटमध्ये (कुणी कधी काय बदललं ते नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जपून ठेवतो. बाकीचं सगळं मात्र ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर, ज्याला त्याला जमेल तसं.

संगणकातला संगणक

व्हर्च्युअल मशीन म्हणजे आपल्या लॅपटॉपच्या आत, एका प्रोग्रॅमनं उभा केलेला दुसरा संगणक. त्याला मेमरीचा ठरावीक वाटा मिळतो, डिस्क म्हणून आपल्या डिस्कवरची एक मोठी फाईल मिळते, नेटवर्क कार्डही नकली मिळतं. त्यात टाकलेल्या उबुंटूला आपण दुसऱ्याच्या घरात राहतोय हे कळायचं कारण नसतं. वाड्यातल्या भाड्याच्या खोलीसारखं आहे हे: दार वेगळं, कुलूप वेगळं, मीटर वेगळा, पण पाया आणि भिंती वाड्याच्याच. खालच्या लॅपटॉपला होस्ट म्हणतात, आतल्या मशीनला गेस्ट, आणि दोघांमध्ये वाटणी करणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरवायझर.

कल्पना जुनी आहे. १९७२ साली आयबीएमनं आपल्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० बाजारात आणलं. एका अवाढव्य संगणकावर प्रत्येकाला स्वतःचा संगणक असल्यासारखं काम करता यावं, हा हेतू. आपल्या टेबलावरच्या पीसीला मात्र हे बरीच वर्षं जड जायचं, कारण इंटेलच्या प्रोसेसरची रचना त्यासाठी केलेलीच नव्हती. व्हीएमवेअर या १९९८ मध्ये सुरू झालेल्या कंपनीनं सॉफ्टवेअरच्या युक्त्या लढवून ते जमवलं. पुढं २००५-०६ च्या सुमाराला इंटेल आणि एएमडी या दोघांनी प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली आणि मग व्हर्च्युअल मशीन साध्या लॅपटॉपवरही पळायला लागलं.

पहिली ठेच नेमकी तिथंच लागते. प्रोसेसरमध्ये सोय असते, पण पुष्कळ लॅपटॉपवर ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू निवडा. खाली व्हर्च्युअलायझेशन 'एनेबल्ड' आहे का 'डिसेबल्ड' ते लिहिलेलं असतं. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या मशीनवर 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एसव्हीएम' नावाचा पर्याय चालू करायचा. दुकानात नेऊन "फॉरमॅट मारा" म्हणायची गरज नाही.

हायपरवायझर म्हणून व्हर्च्युअलबॉक्स घ्या. इनोटेक या जर्मन कंपनीनं ते २००७ मध्ये खुलं केलं, २००८ मध्ये ते सन या कंपनीकडं गेलं आणि २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतल्यावर ओरॅकलकडं आलं. मूळ प्रोग्रॅम फुकट आणि मुक्त आहे. सोबत मिळणाऱ्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना मात्र वेगळा आहे. धंद्याच्या कामासाठी त्याचे पैसे पडतात. आपल्या कामाला तो पॅक लागत नाही, म्हणून डाउनलोडच करू नका.

विंडोजवर आणखी एक अडथळा येतो. हायपर-व्ही (विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर) किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून चालावं लागतं आणि ते मंदावतं. मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसलं की समजायचं. चित्र निवडणाऱ्याची विनोदबुद्धी चांगली होती.

हातानं केलेलं काम कुठं फसतं

आता चौघांनी व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू टाकलं, आत मायएसक्यूएल आणि पीएचपी बसवलं. सुटला प्रश्न? नाही. चौघांनी चार दिवशी, चार व्हिडिओ बघून ते बसवलं. एकानं मध्येच अडलं म्हणून कुठल्या तरी फाईलमधली एक ओळ बदलली आणि विसरून गेला. तीन महिन्यांनी त्या ओळीवरच सगळं उभं असतं आणि ती ओळ कुठं आहे हे कुणालाच आठवत नाही. आधी चार लॅपटॉप वेगळे होते, आता चार व्हर्च्युअल मशीन वेगळी झाली.

एकाचं तयार मशीन फाईल करून बाकीच्यांना द्यायचं, हा पुढचा विचार. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वीस-तीस जीबीची फाईल पेन ड्राइव्हवरून फिरते, पण आत काय केलंय ते वाचता येत नाही. परवा पीएचपीची आवृत्ती बदलायची झाली की पुन्हा तेवढी मोठी फाईल, पुन्हा पेन ड्राइव्ह.

म्हणून मशीन जपायचं नाही, मशीन कसं उभं करायचं ते लिहून जपायचं. आणि ते माणसानं वाचून पाळायच्या सूचनांच्या रूपात नव्हे, संगणकानं वाचून स्वतः करायच्या फाईलच्या रूपात. या आपोआप मांडणीला प्रोव्हिजनिंग म्हणतात. फाईल काही केबींची असते, गिटमध्ये कोडशेजारी बसते, आणि कुणी कधी काय बदललं ते दिसतं.

हे काम व्हेग्रंट हा प्रोग्रॅम करतो. मिचेल हाशिमोटो यांनी तो २०१० मध्ये लिहायला घेतला; २०१२ मध्ये त्यातूनच हॅशीकॉर्प ही कंपनी उभी राहिली. व्हेग्रंट स्वतः व्हर्च्युअल मशीन नाही. तो व्हर्च्युअलबॉक्सला हुकूम सोडणारा मुकादम आहे: अमुक मशीन आण, एवढी मेमरी दे, हे फोल्डर जोड, मग आत जाऊन ही यादी चालव.

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'व्हेग्रंटफाईल' नावाची एक फाईल ठेवायची. ती रुबी भाषेत असते, पण रुबी येत नसली तरी बिघडत नाही. दहा-पंधरा ओळींत काम होतं. पहिली महत्त्वाची ओळ बॉक्सची. बॉक्स म्हणजे आधीच तयार केलेलं कोरं मशीन, उदाहरणार्थ बेंटो या प्रकल्पाचं उबुंटू २४.०४. दुसरी ओळ मेमरीची. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर गेस्टला २ जीबी पुरे. ४ दिलीत तर ब्राउझर आणि गेस्ट दोघेही रडतात. तिसरी ओळ पोर्टची, म्हणजे नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरायच्या क्रमांकाच्या दाराची: गेस्टच्या ८० नंबरच्या पोर्टवर चाललेलं संकेतस्थळ होस्टच्या ८०८० वर दिसू दे. त्यात होस्टचा पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हाच लॅपटॉप) असा स्पष्ट लिहा. तो लिहिला नाही तर पोर्ट सगळ्या नेटवर्कला उघडा राहतो, आणि हॉस्टेलच्या वायफायवर शेजारच्या खोलीतल्या कुणालाही तुमचं अर्धवट सॉफ्टवेअर उघडता येतं. शेवटची ओळ प्रोव्हिजनरची: मशीन उठल्यावर अमुक स्क्रिप्ट (ओळीनं चालवायच्या आज्ञांची फाईल) चालव.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'व्हेग्रंट अप'. (आज्ञा इथं देवनागरीत लिहितोय, टाकायच्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) बॉक्स नसेल तर तो उतरवला जातो, मशीन बनतं, चालू होतं, स्क्रिप्ट आत जाऊन चालते. 'व्हेग्रंट एसएसएच' म्हटलं की तुम्ही मशीनच्या आत. प्रकल्पाचं फोल्डर आत '/व्हेग्रंट' या वाटेवर जसंच्या तसं दिसतं, म्हणून कोड लिहायचा तो नेहमीच्याच एडिटरमध्ये, होस्टवर. चालतो तो आत.

स्क्रिप्टमध्ये काय असतं

खरी मेहनत या फाईलमध्ये आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

सुरुवातीला पॅकेजची यादी ताजी करायची, म्हणजे 'एपीटी-गेट अपडेट'. बॉक्स कधी तरी बनवलेला असतो आणि त्यातली यादी शिळी असते. हे न करता थेट इन्स्टॉल म्हटलं तर पॅकेज सापडत नाही म्हणून गाडी थांबते. मग इन्स्टॉल, आणि त्याला 'वाय' हा पर्याय जोडायचा, कारण "पुढं जाऊ का?" या प्रश्नाला होय म्हणायला तिथं कुणी बसलेलं नसतं. एवढ्यानंही काही पॅकेजं निळी खिडकी उघडून प्रश्न विचारतात. त्यासाठी 'डेबियन फ्रंटएंड' हा चल 'नॉनइंटरॅक्टिव्ह' करून ठेवावा लागतो. स्क्रिप्ट पंधरा मिनिटं एकाच ओळीवर अडकली असेल तर नव्वद टक्के वेळा ती कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असते.

पीएचपी आणि मायएसक्यूएल येताना उबुंटूच्या त्या आवृत्तीसोबत ठरलेलंच येतं: २४.०४ वर पीएचपी ८.३ आणि मायएसक्यूएल ८.०. म्हणजे बॉक्स पक्का केला की आवृत्त्याही बऱ्यापैकी पक्क्या होतात. पहिल्या तिन्ही तक्रारी इथंच मिटतात. मिटतात म्हणजे काय, तर रिकाम्या फॅटची चूक कोडमध्ये राहतेच, पण आता ती चौघांकडं सारखीच दिसते. सगळ्यांना दिसणारी चूक दुरुस्त होते. एकालाच दिसणारीवर नुसता वाद होतो.

पुढं घड्याळ. सर्व्हर यूटीसीवर चालणार असेल तर गेस्टही यूटीसीवरच ठेवा, म्हणजे पहाटेच्या दुधाची चूक घरीच पकडता येईल. आपल्या सोयीसाठी गेस्ट भारतीय वेळेवर लावणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटरच फोडण्यातला प्रकार. उलट सर्व्हर भारतीय वेळेवर असेल तर गेस्टलाही 'एशिया/कोलकाता' लावा, पण मग तीन ठिकाणी बघा: उबुंटूची वेळ, पीएचपीची वेगळी सेटिंग (काही न सांगितल्यास ती यूटीसीच धरते) आणि मायएसक्यूएल, ज्याला उबुंटूची वेळ बदलल्यावर रीस्टार्ट द्यावा.

मग फाँट. ही आपल्या भागाची खास अडचण. बॉक्समध्ये सर्व्हरचं उबुंटू असतं आणि त्यात भारतीय लिप्यांचे फाँट बहुधा नसतात. स्क्रीनवर बिल छान दिसतं, कारण तिथं ब्राउझर होस्टचे फाँट वापरतो. तेच बिल गेस्टमध्ये पीडीएफ केलं की मराठी आणि कन्नड नावांच्या जागी रिकामे चौकोन. स्क्रिप्टमध्ये नोटो फाँटचं पॅकेज घातलं की चौकोन जातात. जोडाक्षरं नीट जुळणं मात्र पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहे. 'क्षीरसागर' आणि 'कुलकर्णी' अशी नावं छापून आधी तपासा.

शेवटी डेटाबेस बनवायचा आणि त्यात नमुन्याची माहिती भरायची. नमुन्याचीच. संस्थेच्या खऱ्या सभासदांची नावं, बँक खाती आणि मोबाइल नंबर चार लॅपटॉपवर फिरवायचं कारण नाही. पन्नास बनावट उत्पादक करा, त्यात निम्मी नावं कन्नडमध्ये ठेवा, एक-दोघांचा फॅट मुद्दाम रिकामा ठेवा, आणि काही नोंदी पहाटे पाचच्या करा. नमुना असा चावरा असला की चुका लवकर सापडतात. पासवर्डही स्क्रिप्टमध्ये खरे लिहू नका. या मशीनचे पासवर्ड याच मशीनपुरते.

आता एक कसोटी. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तर काय होतं? 'डेटाबेस बनव' अशी आज्ञा दुसऱ्या खेपेला चुकते, कारण डेटाबेस आहेच. 'नसेल तर बनव' असं लिहिलं की चुकत नाही. सेटिंगच्या फाईलच्या शेवटी एक ओळ जोडणारी आज्ञा तर चुकतही नाही, गुपचूप दर वेळी तीच ओळ पुन्हा जोडते. दहा खेपांनंतर दहा ओळी. त्याऐवजी आपली छोटी स्वतंत्र सेटिंग फाईल पूर्ण लिहायची; ती शंभर वेळा लिहिली तरी एकच राहते. कितीही वेळा चालवा, शेवट एकाच स्थितीत, हा प्रोव्हिजनिंगचा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे आणि नवी मंडळी नेमका तोच सोडतात.

लक्षात ठेवा, 'व्हेग्रंट अप' ही स्क्रिप्ट फक्त पहिल्या वेळी चालवतो. नंतर स्क्रिप्ट बदलली तर 'व्हेग्रंट प्रोव्हिजन' असं वेगळं सांगावं लागतं. मेमरी किंवा पोर्ट बदलला तर 'व्हेग्रंट रीलोड'. "मी फाईल बदलली पण काहीच होईना" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

स्क्रिप्ट दोनशे ओळींच्या पुढं गेली की अँसिबल या खास प्रोव्हिजनिंगच्या साधनाचा विचार करावा. मायकल डीहान यांनी २०१२ मध्ये ते आणलं आणि २०१५ मध्ये रेड हॅटनं विकत घेतलं. त्यात 'हे कर, मग ते कर' असं लिहायचं नसतं; 'हे पॅकेज असलंच पाहिजे, ही फाईल अशीच असली पाहिजे' असं लिहायचं असतं. आधीच तसं असेल तर ते 'ओके' म्हणून पुढं जातं, नसेल तर बदलून 'चेंज्ड' म्हणतं. दुसऱ्या खेपेच्या शेवटी 'चेंज्ड' शून्य आलं की वरची कसोटी पास. विंडोजवरून अँसिबल थेट चालवता येत नाही, पण व्हेग्रंटमध्ये 'अँसिबल लोकल' नावाचा प्रकार आहे. तो गेस्टच्या आतच अँसिबल बसवून तिथून चालवतो. चौघांच्या कामाला मात्र साधी शेल स्क्रिप्ट पुरते. नवं हत्यार शिकायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

विंडोजवाल्यांचे भोग

होस्ट आणि गेस्टमध्ये शेअर केलेलं प्रकल्पाचं फोल्डर ही मोठी सोय आहे आणि निम्म्या कटकटींचं मूळही.

विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. विंडोजवरचा गिट फाईल उतरवताना कधी कधी स्वतःहून दोन करतो. मुख्य प्रोव्हिजन स्क्रिप्टच्या बाबतीत व्हेग्रंट हे स्वतः निस्तरतो, पण त्या स्क्रिप्टनं शेअर फोल्डरमधली दुसरी स्क्रिप्ट बोलावली की "बॅड इंटरप्रिटर" अशी चमत्कारिक चूक येते. फाईल उघडून बघितली तर तिच्यात काही चुकलेलं दिसतच नाही. गिटच्या 'गिटअॅट्रिब्यूट्स' फाईलमध्ये स्क्रिप्टच्या ओळी नेहमी लिनक्सच्या पद्धतीनं संपाव्यात, असं एकदा लिहून टाका.

प्रकल्पात नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) असेल आणि त्याची 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर शेअर जागेत ठेवली तर विंडोजवर सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडं बोट दाखवणाऱ्या फाईली) बनत नाहीत आणि हजारो बारक्या फाईलींमुळं सगळं रांगतं. ती गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवावी. डेटाबेसच्या फाईलीही तिथंच, शेअर फोल्डरमध्ये कधीच नाही. आणि फाईल सेव्ह केल्यावर पान आपोआप ताजं करणारी साधनं व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर फोल्डरमध्ये गप्प बसतात, कारण होस्टवरचा बदल गेस्टला कळवला जात नाही. त्यांना ठरावीक वेळानं स्वतः तपासायला सांगावं लागतं.

मॅकवाल्याचं दुखणं निराळं. २०२० पासूनच्या ॲपलच्या प्रोसेसरची जातच वेगळी, त्यामुळं इंटेलचा बॉक्स तिथं चालत नाही. २०२४ च्या व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून त्या मॅकवर एआरएम जातीचे गेस्ट चालवता येतात, म्हणून त्याच उबुंटूचा एआरएम बॉक्स निवडायचा. पॅकेजं तीच मिळतात, बाकी स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही.

नेट आणि लाईट

बॉक्स काही शे एमबीचा असतो. चौघांनी चार वेळा उतरवण्यापेक्षा एकानं उतरवून फाईल पेन ड्राइव्हवर द्यावी. 'व्हेग्रंट बॉक्स अॅड' या आज्ञेला संकेतस्थळाच्या नावाऐवजी फाईलची वाट दिली तरी चालतं. गावाकडं मोबाइलच्या नेटवर काम करणाऱ्याला प्रत्येक नव्या मशीनमागं पीएचपी-मायएसक्यूएल पुन्हा उतरवणं जड जातं. त्यावर उपाय म्हणजे एकदा पॅकेजं बसवलेलं मशीन 'व्हेग्रंट पॅकेज' नं स्वतःचा बॉक्स करून ठेवायचं. फक्त तो बॉक्स ज्या स्क्रिप्टमधून झाला तीही गिटमध्ये असू द्या, नाही तर पुन्हा वाचता न येणाऱ्या फाईलीशी गाठ.

काम संपवताना 'व्हेग्रंट हॉल्ट' म्हणजे मशीन रीतसर बंद. 'व्हेग्रंट सस्पेंड' म्हणजे आहे त्या स्थितीत गोठवणं. दुसऱ्या दिवशी चटकन उठतं, पण मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून ठेवावं लागतं, म्हणून तेवढी जागा खातं. डेस्कटॉपवर काम असेल आणि यूपीएस कुरकुरत असेल तर लाईट जायच्या आधी हॉल्ट करण्याची सवय बरी.

डॉकर का नाही?

हा प्रश्न येणारच, कारण सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्यासह बांधून चालवायचं तेही एक साधन आहे. अशा एका गाठोड्याला कंटेनर म्हणतात. डॉकरचा कंटेनर स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चालवत नाही. खालचाच लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतो. म्हणून तो हलका आणि काही सेकंदांत उठणारा. विंडोजवर डॉकर चालतो तेव्हा त्याच्या खाली मात्र लिनक्सचं एक व्हर्च्युअल मशीनच असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तुमचं सॉफ्टवेअर शेवटी कंटेनरमध्येच चालणार असेल तर डॉकरच शिका. पण लहान संस्थांचं सॉफ्टवेअर पुष्कळदा एखाद्या भाड्याच्या उबुंटू सर्व्हरवर चालतं: रात्री क्रॉननं बॅकअप, सिस्टिमडीनं सेवा चालू-बंद, फायरवॉल, लॉग. त्या सर्व्हरची हुबेहूब तालीम करायची तर पूर्ण मशीनच हवं. शिवाय विद्यार्थ्यांसाठी माझं मत व्हर्च्युअल मशीनच्या बाजूनं आहे, कारण सर्व्हर म्हणजे काय हे त्यात उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं. डॉकर पुष्कळ गोष्टी पोटात ठेवतो.

परवान्याचं एक वाक्य: ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशीकॉर्पनं आपल्या साधनांचा परवाना मुक्त परवान्याहून बदलून बिझनेस सोर्स लायसन्स केला आणि २०२५ मध्ये कंपनी आयबीएमकडं गेली. आपल्या कामासाठी व्हेग्रंट वापरायला त्यानं काही आडकाठी येत नाही.

मोडून बघणं

सगळं जुळलं असं वाटलं की 'व्हेग्रंट डिस्ट्रॉय' द्यायचं. मशीन, डिस्क, आतला डेटाबेस, सगळं जातं. होस्टवरचं कोडचं फोल्डर राहतं. मग पुन्हा 'व्हेग्रंट अप'. कुणी हात न लावता सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडलं आणि नमुन्याची बिलं निघाली तर मांडणी खरी. डिस्ट्रॉय म्हणताना हात थरथरत असेल तर समजावं, आत काही तरी हातानं केलेलं आहे आणि ते कुठंच लिहिलेलं नाही.

हे महिन्यातून एकदा तरी करावं, कारण मांडणी आपोआप सडते: एखादं पॅकेज नाव बदलतं, एखादा डाउनलोडचा पत्ता बंद पडतो. मध्येच चूक आली तर शेवटची ओळ वाचत बसू नका, वर जाऊन पहिली लाल ओळ शोधा. खालच्या बऱ्याचशा चुका तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. आत शिरून हातानं दुरुस्त करण्याचा मोह होतो. निदान करायला खुशाल आत जा, आज्ञा हातानं चालवून बघा. पण उत्तर सापडलं की ते स्क्रिप्टमध्ये लिहा, बाहेर या आणि 'व्हेग्रंट प्रोव्हिजन' म्हणा. मग तो बदल गिटमध्ये चढवा आणि बाकीच्या तिघांना ग्रुपवर एवढंच कळवा: पुल करा, प्रोव्हिजन करा.